दातांवरचा खोटा आळ

कानाच्या पुढे, जिथे खालचा जबडा कवटीला मिळतो, तिथला सांधा दुखू लागला, जांभई देताना ‘कट्ट’ असा आवाज येऊ लागला, सकाळी उठल्यावर तोंड पुरेसे उघडेनासे झाले, की माणूस बहुधा दाताच्या डॉक्टरांकडे जातो. तिथे त्याच्या दातांत रंगीत कागदाची पट्टी ठेवतात आणि चावायला सांगतात. पट्टीचे गडद ठिपके कुठे उमटले ते पाहून अनेकदा निदान होते: वरखालच्या दातांची बैठक बिघडली आहे, म्हणून सांध्यावर ताण येतो आहे. उपचारही त्या वाक्यातूनच निघतो. उंच लागणारे दात घासायचे. तेवढ्याने भागले नाही तर दाढांना कॅप घालायच्या, तारा लावायच्या, कधी सगळे तोंडच नव्याने बांधून काढायचे. हे सांगणारे डॉक्टर लबाड असतात असे मी मुळीच म्हणत नाही. बहुतेक जण प्रामाणिक असतात आणि गुरूंनी शिकवले तेच करतात. म्हणूनच या मताचा प्रतिवाद उघडपणे आणि पुराव्यानिशी व्हायला हवा.

माझे प्रतिपादन असे आहे. जबड्याच्या सांध्याचे आणि चावण्याच्या स्नायूंचे जे नेहमी आढळणारे दुखणे आहे, त्याचे मूळ दातांच्या बैठकीत नाही. आणि ते दुखणे घालवण्यासाठी दातांचा आकार कायमचा बदलण्याला आधार नाही. दोन्ही बाजू मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष. तो त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडला पाहिजे, नाहीतर खंडनाला अर्थ उरत नाही. खालचा जबडा हे एकच हाड आहे आणि त्याची दोन टोके दोन कानांपुढच्या दोन खोबणींत बसतात. तोंड मिटल्यावर हे हाड नेमके कुठे थांबणार, ते दात ठरवतात. एखादी कॅप उंच झाली, दाढ वाकडी उगवली किंवा मागच्या दाढा पडल्या, तर हाड आपल्या जागी न थांबता थोडे सरकून थांबते. सरकलेल्या हाडाचे टोक खोबणीत भलत्या ठिकाणी दाबले जाते. तो अडथळा चुकवण्यासाठी स्नायूंना सतत जादा काम पडते. ते थकतात, आखडतात, दुखतात. दार चौकटीत नीट बसत नसेल तर बिजागरी झिजणारच, असा हा सरळ न्याय आहे. त्याला अनुभवाचे पाठबळ आहे: दात घासल्यावर किंवा स्प्लिंट, म्हणजे दातांवर चढवायची पट्टी, बसवल्यावर अनेकांचे दुखणे खरोखर थांबते. त्याला परंपराही आहे, सुमारे नव्वद वर्षांची. आणि या पक्षाचे लोक एक रोखठोक प्रश्न विचारतात: दात आणि सांधा एकाच हाडावर असताना एकाचा दोष दुसऱ्याला भोवणार नाही, हे शक्य तरी आहे का?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर खुर्चीत बसून तर्काने काढायचे नाही. तपासून काढायचे आहे. आणि ते तपासले गेले आहे.

परंपरेपासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. कानात दडा बसणे, कान वाजणे, चक्कर येणे, डोके दुखणे, जिभेची आग होणे अशा तक्रारी त्यांनी एकत्र बांधल्या आणि त्यांचा संबंध जबड्याच्या सांध्याशी जोडला. त्यांचे अनुमान असे की, मागच्या दाढा गेल्या की जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, सांध्याचे टोक मागे सरकते आणि कानाजवळच्या मज्जातंतूंवर व कानाच्या नळीवर दाब देते. म्हणून दाढांची उंची परत मिळवून द्या, तक्रारी जातील. या अनुमानामागे रुग्ण होते अकरा. तुलनेसाठी उपचार न केलेला गट नव्हता. १९४८ मध्ये हॅरी सिकर या शरीररचनाशास्त्रज्ञाने त्या भागाची रचना तपासून दाखवले की, कॉस्टेन म्हणतात तसा दाब पडणे रचनेच्या दृष्टीने संभवत नाही. त्यानंतर कॉस्टेन यांच्या स्पष्टीकरणाला शास्त्रात कुणी वाली उरला नाही. पण तोवर सांध्याचे दुखणे दंतवैद्यांच्या हाती आले होते, आणि दंतवैद्याच्या हाती दात असतात. कारण खोटे ठरले. उपचार मात्र चालू राहिला.

नव्वद वर्षांच्या परंपरेचा उगम एवढाच आहे. कॉस्टेन यांच्या निरीक्षणशक्तीला मी कमी लेखत नाही. कानाच्या दुखण्यामागे जबडा असू शकतो हे त्यांनी वैद्यकाच्या ध्यानात आणून दिले आणि ते आजही खरे आहे. त्यांच्या अनुमानाला मात्र वयाने मान मिळत गेला, पुराव्याने नव्हे.

आता मुख्य मुद्दा. कार्यकारणाचा दावा करणाऱ्याने आधी व्याप्ती दाखवावी, हा आपल्या नैयायिकांचा जुना आग्रह. जिथे कारण तिथे कार्य, जिथे कारणाचा अभाव तिथे कार्याचाही अभाव: अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले पाहिजेत. दातांची बैठक वाकडी असलेली माणसे घ्या. त्यांतल्या बहुतेकांचा सांधा आयुष्यभर कुरकुर करत नाही. सांध्याचे रुग्ण घ्या. त्यांतल्या पुष्कळांची बैठक पाठ्यपुस्तकात छापावी इतकी नीटस असते. अन्वयही मोडला, व्यतिरेकही मोडला. हे नुसते वरवरचे निरीक्षण नाही. १९९३ मध्ये पुलिंजर, सेलिगमन आणि गॉर्नबाइन यांनी बैठकीची अकरा वैशिष्ट्ये एकत्र घेऊन रुग्ण आणि निरोगी माणसे यांची संख्याशास्त्रीय तुलना केली. दोन गटांतला जो फरक बैठकीने समजावता येतो, तो फार तर दहा ते वीस टक्के निघाला. उरलेल्या ऐंशी-नव्वद टक्क्यांचे काय? २०१७ मध्ये मान्फ्रेदिनी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. उपचाराची दिशा ठरवावी इतका भक्कम संबंध त्यांना सापडला नाही. बैठकीच्या युगाचा अंत झाला का, असा प्रश्न त्यांनी लेखाच्या शीर्षकातच विचारला आहे.

पण दहा-वीस टक्के तरी संबंध आहेच ना, असे पूर्वपक्ष म्हणेल. आहे. मात्र त्याची दिशा पाहा. ज्या थोड्या वैशिष्ट्यांचा संबंध दिसला, त्यांतले एक ठळक वैशिष्ट्य म्हणजे दाढा मिटल्या तरी पुढच्या दातांत फट राहणे. सांध्याच्या हाडाची टोके झिजून आखूड झाली की जबड्याचा मागचा भाग वर चढतो, दाढा आधी टेकतात आणि पुढे फट पडते. म्हणजे आधी सांधा झिजला, मग बैठक बिघडली. अशा रुग्णाची बैठक पाहून तिलाच सांध्याच्या झिजेचे कारण ठरवणे हा उघड हेत्वाभास आहे. धूर पाहून अग्नीचे अनुमान करता येते. धुराने अग्नी पेटला असे अनुमान करता येत नाही.

आणखी एक कसोटी लावू. त्यासाठी कुठलेही यंत्र लागत नाही. या दुखण्याचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळते, आणि दवाखान्यात येणाऱ्यांत तर स्त्रियांचा वाटा त्याहून मोठा असतो. स्त्रियांचे दात पुरुषांपेक्षा दुप्पट वाकडे असतात काय? दुखण्याचा भर विशी ते चाळिशी-पंचेचाळिशीत असतो आणि पुढे ते ओसरते. दातांचे नेमके उलटे आहे. वय वाढते तसे ते झिजतात, पडतात, शेजारच्या मोकळ्या जागेत कलतात. बैठकीचे मत खरे असते तर बोळक्या तोंडाच्या आजी-आजोबांनी जबड्याचे दवाखाने भरून गेले असते. तिथे पंचविशीतल्या, तिशीतल्या मुली दिसतात, बत्तिशी शाबूत असलेल्या. बैठकीचे मत मानणाऱ्यांनी या एका गोष्टीचा उलगडा करून दाखवावा.

आता तो उंच दात. दात उंच लागला की स्नायू त्याच्याशी झगडतात, हा या मताचा मधला दुवा. निरोगी माणसाचे दात चोवीस तासांत एकमेकांना टेकतात ते सगळे मिळून साधारण पंधरा-वीस मिनिटे: थोडे चावताना, थोडे गिळताना. उरलेला सगळा वेळ ते सुटे असतात. मग जो दात दिवसातली इतकी थोडी मिनिटे टेकतो, तो दिवसभराचे दुखणे कसे निर्माण करील? २००५ मध्ये नेपल्सच्या आम्ब्रा मिकेलोती आणि सहकाऱ्यांनी ही गोष्ट थेट करून पाहिली. निरोगी तरुण स्त्रियांच्या दातांवर सोन्याच्या पातळ पत्र्याची पट्टी चिकटवून मुद्दाम अडथळा निर्माण केला आणि रोजच्या जगण्यात गालाचा मोठा स्नायू किती काम करतो ते मोजले. मतानुसार स्नायूचे काम वाढायला हवे होते. ते घटले. जबड्याने अडथळा ओळखला आणि दात टेकवायचेच कमी केले. कुणालाही विकार जडला नाही.

इथे एक गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगणे माझे कर्तव्य आहे. फिनलंडमध्ये ले बेल आणि सहकाऱ्यांनी असेच कृत्रिम अडथळे बसवले, तेव्हा ज्या स्त्रियांना हा विकार पूर्वी होऊन गेला होता त्यांची लक्षणे वाढली. ज्यांना कधीच नव्हता त्या सरावल्या. पूर्वपक्षाच्या हाती लागण्याजोगा हा सर्वांत चांगला पुरावा आहे. पण तो काय सिद्ध करतो? अडथळा दोन्ही गटांना सारखाच होता. परिणाम वेगळा झाला तो माणसे वेगळी होती म्हणून. फरक दातांत नव्हता, दुखणे जाणवणाऱ्या आणि दात आवळणाऱ्या देहात होता. यातून एक व्यावहारिक बोध जरूर घ्यावा: नवी कॅप किंवा फिलिंग उंच लागत असेल तर ते लगेच नीट करून घ्यावे. दंतवैद्याने कालच केलेली चूक सुधारणे वेगळे, आणि देवाने दिलेले दात कापणे वेगळे.

यानंतर पूर्वपक्षाचा शेवटचा आणि सर्वांत जड पुरावा येतो: पण माझे रुग्ण बरे होतात. अनुभवाचा हा मुद्दा मी हलका मानत नाही. ज्याच्या हातून शेकडो माणसे बरी होऊन गेली, त्याला कागदावरचे आकडे पटत नाहीत, हे स्वाभाविक आहे. म्हणून या मुद्द्यापाशी थोडे थांबू.

१९७६ मध्ये शिकागोत गुडमन, ग्रीन आणि लास्किन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जबड्याच्या स्नायूंच्या दुखण्याचे पंचवीस रुग्ण. त्यांना सांगितले की तुमच्या दातांची बैठक सुधारणार आहोत. मग दात घासण्याचा विधी यथासांग पार पाडला, एकदा नव्हे, दोनदा. फक्त जिथे दात एकमेकांना टेकतात तिथे काहीही बदलले नाही. बैठक जशी होती तशीच राहिली. पंचवीसपैकी सोळा रुग्णांनी दुखणे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेल्याचे सांगितले. शंभरात चौसष्ट! रुग्ण खोटे बोलत नव्हते. त्यांचे दुखणे खरे होते आणि ते जाणेही खरे होते. पण जे केलेच नाही, त्याने ते गेले असे कसे म्हणणार? आपल्या दवाखान्यातल्या ज्या अनुभवावर दंतवैद्य विसंबतो, नेमका तोच अनुभव दातांची बैठक न बदलताही येतो, हे या प्रयोगाने दाखवले. मग खरोखर घासलेल्या दातांनंतर आलेले बरेपण घासण्याच्या खात्यात कोणत्या न्यायाने जमा करायचे? २००३ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात दात घासून बैठक जुळवण्याच्या सहा चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. या उपायाने विकार बरा होतो किंवा टळतो, याला पुरावा मिळाला नाही.

मग रुग्ण बरे होतात ते कशाने? एक तर धीर मिळाल्याने, कुणीतरी लक्ष घातल्याने. दुसरे, माणूस दवाखान्यात येतो तो दुखणे शिगेला पोचलेले असताना, आणि शिगेला पोचलेले दुखणे पुढे बहुधा उतरतेच. तिसरे आणि मोठे कारण म्हणजे या विकाराचा स्वभावच निवळण्याचा आहे. सांध्यातली चकती पुढे सरकून अडकली आणि तोंड उघडेनासे झाले, अशा रुग्णांना जपानी संशोधक कुरिता यांच्या गटाने काहीही उपचार न करता अडीच वर्षे पाहिले. साधारण चाळीस टक्क्यांना काहीच त्रास उरला नाही, आणखी एक तृतीयांश लोकांचा त्रास कमी झाला. सुमारे पाव हिस्सा मात्र तसाच राहिला. हा पाव हिस्सा विसरता येणार नाही, त्याच्याकडे पुढे वळतो. २००७ मध्ये मिनेसोटाच्या शिफमन यांनी अशाच अडकलेल्या जबड्याच्या रुग्णांचे चार गट केले: एकाला औषधे आणि समजावणी, दुसऱ्याला व्यायाम-स्प्लिंट वगैरे पुनर्वसन, तिसऱ्याला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, चौथ्याला सांधा उघडून शस्त्रक्रिया. पाच वर्षांअखेर चारही गट सारखेच. ज्याला समजावणी मिळाली तो, आणि ज्याचा सांधा उघडला तो, एकाच मुक्कामी पोचले.

स्प्लिंटचा पुरावाही याच धाग्यात येतो. दातांवर पट्टी बसवली, दुखणे थांबले, म्हणजे बैठकच दोषी होती, असे म्हणतात. पण टाळूला चिकटून राहणारी, दातांमध्ये न येणारी पट्टी बसवली तरी पुष्कळांना बरे वाटते, हे ग्रीन आणि लास्किन यांनी सत्तरच्या दशकातच दाखवले होते. झोपेत दात खाणाऱ्याचे दात झिजू नयेत म्हणून नाइट गार्ड जरूर वापरावा. त्या कामासाठी तो चांगला आहे. त्यावरून दातांचा गुन्हा सिद्ध होत नाही.

तारांबद्दल थोडक्यात. १९८७ मध्ये मिशिगनमधल्या एका खटल्यात, दात काढून तारा लावल्याने सांधा बिघडला असे मानून ज्यूरीने साडेआठ लाख डॉलरची भरपाई दिली. त्या धक्क्याने अमेरिकेतल्या तारा लावणाऱ्या तज्ज्ञांनी भरपूर संशोधन करवले आणि १९९२ च्या जानेवारीत त्यांच्या मुख्य नियतकालिकाचा अंकच या विषयाला वाहिला. निष्कर्ष असा निघाला की तारांनी हा विकार होत नाही. पण हाच निष्कर्ष दुसऱ्या बाजूनेही लागू होतो. बैठक इतकी आमूलाग्र बदलूनही सांधा बिघडत नसेल, तर ती बदलून तो सुधारेल कसा? २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात, तारांनी हा विकार बरा होतो का हे सांगणारी, निकषांत बसणारी एकही चाचणी सापडली नाही.

या मताचे एक धाकटे भावंड आहे, आणि त्याने जास्त घात केला. सांध्यात हाडाच्या टोकावर एक लवचीक चकती असते. ती पुढे घसरली की तोंड उघडताना ‘कट्ट’ वाजते. सत्तरच्या दशकात चकतीच्या चित्रणाला जोर आला आणि चकती जागेवर आणलीच पाहिजे, नाहीतर काढून टाकली पाहिजे, असा आग्रह सुरू झाला. काढलेल्या चकतीच्या जागी काय घालायचे? १९८३ मध्ये अमेरिकेत प्रोप्लास्ट-टेफ्लॉनच्या रोपणाला विक्रीची परवानगी मिळाली. हजारो सांध्यांत ते बसवले गेले. चावण्याच्या दाबाखाली त्याचा भुगा होऊ लागला, त्या कणांवर शरीराने हल्ला चढवला आणि शेजारचे हाड खाल्ले गेले. काहींच्या तर कवटीच्या तळापर्यंत. १९९१ च्या सुरुवातीला ती रोपणे परत मागवण्यात आली. ज्यांच्या जबड्यात ती बसली होती, त्यांतल्या अनेकांना पुढे शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या, आणि मूळचे दुखणे त्यांच्यापुढे किरकोळ वाटावे अशी त्यांची स्थिती झाली. आणि ज्या घसरलेल्या चकतीसाठी हे सगळे केले, तिची गोष्ट काय? कसलीही तक्रार नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले, तर त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांची चकती घसरलेलीच असते. न दुखणारा, न अडकणारा, नुसता वाजणारा सांधा हा रोग नव्हे. त्याला हात लावू नये.

इथवर खंडन झाले. दात दोषी नाहीत तर दोषी कोण, हे सांगितल्याशिवाय माझी बाजू पुरी होत नाही.

२००६ च्या सुमारास अमेरिकेतल्या चार केंद्रांत, हा विकार नसलेल्या तीन हजारांहून अधिक माणसांची नोंद करून त्यांचा माग काढायला सुरुवात झाली. ओपेरा या नावाने हा अभ्यास ओळखला जातो. दरवर्षी शंभरातल्या साधारण चौघांना विकार नव्याने झाला. कुणाला झाला? ज्यांच्या अंगात आधीच इतरही दुखणी होती: पाठ, डोके, पोट. ज्यांची झोप बिघडत चालली होती. ज्यांना दात आवळण्याची, गाल-ओठ चावण्याची सवय होती. ज्यांच्या जबड्याला मार लागला होता. ज्यांच्या देहाला स्वतःच्या तक्रारी फार तीव्रतेने जाणवत होत्या. आनुवंशिकतेचाही थोडा वाटा आहे. म्हणजे हे एका कारणाचे दुखणे नाही. अनेक ओझी एकत्र आली की वेदना वाहणारी यंत्रणाच हळवी होते, आणि मग साधा घास चावणेही दुखते.

याला विरोधकांचे ठरलेले उत्तर आहे: म्हणजे तुम्ही हा मनाचा खेळ म्हणता. मी तसे म्हणत नाही. ज्या बाईचे कानशील ठणकते आहे तिला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवणे हे दात घासण्याइतकेच चुकीचे आहे. वेदना मज्जासंस्थेत घडते, तिच्या वाढण्या-घटण्याला झोप आणि ताण कारण होतात, आणि यातले सगळे देहातच चालते. मेंदू हाही देहाचाच अवयव आहे.

निदान कसे करावे, हेही आता ठरलेले आहे. १९९२ मध्ये ड्वॉर्किन आणि लेरेश यांनी निकष घालून दिले, २०१४ मध्ये ते सुधारले. त्यांचे दोन अक्ष आहेत: एक सांध्याचा आणि स्नायूंचा, दुसरा माणसाच्या त्रासाचा आणि मनःस्थितीचा. तपासणी जवळून पाहा. डॉक्टर कानाच्या लगेच पुढे दोन्ही बाजूंना बोटे ठेवतात आणि तोंड सावकाश उघडायला सांगतात. हाडाचे टोक आधी जागच्या जागी फिरते, मग बोटाखालून पुढे सरकते. जबडा एका बाजूला वळतो का, मध्येच अडकतो का, ते पाहतात. पट्टी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर मोजतात. चाळीस मिलिमीटरच्या आत असेल तर कारण शोधावे लागते. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर स्वतःची तीन बोटे उभी तोंडात मावतात का ते पाहावे. मग गालाच्या मागच्या स्नायूवर आणि कानशिलावर साधारण एक किलोचा दाब देतात आणि विचारतात, ‘तुम्ही सांगता ते दुखणे हेच का?’ निदानाचा सारा भार या प्रश्नावर आहे. दाबले की कुणालाही थोडे दुखते. ओळखीचे दुखणे जागे झाले तरच ते मोजायचे. या साऱ्या तपासणीत रंगीत कागदाला कुठेच जागा नाही.

उपचारांत सर्वांत महत्त्वाचा उपचार सर्वांत स्वस्त आहे, आणि म्हणूनच बहुधा त्याकडे दुर्लक्ष होते. विश्रांतीत जबडा असा असावा: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. पुष्कळ जण संगणकासमोर, गाडी चालवताना, भाजी चिरताना दात आवळून असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. मोबाइलच्या मागे एक छोटी चिठ्ठी चिकटवावी, आणि ती दिसेल तेव्हा दात सोडवावेत. काही आठवडे मऊ खावे: खिचडी, भात, उपमा, दुधात कुस्करलेली पोळी. ऊस, चिक्की, सुपारी, च्युइंगम बंद. फोन कान आणि खांद्यात धरू नये. दिवसातून दोन-तीनदा ओला शेक घ्यावा. फिजिओथेरपिस्टकडून जबड्याचे आणि मानेचे व्यायाम शिकून घ्यावेत आणि ते रोज करावेत. वेदनाशामक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडे दिवस. झोप सुधारावी. २०२३ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने जुनाट दुखण्यासाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका छापली, तिने ठाम शिफारस केली आहे ती अशाच गोष्टींची: समजावणी, घरचे व्यायाम, देखरेखीखालचे जबड्याचे व मानेचे व्यायाम, हातांनी करायचे उपचार, आणि वेदनेशी जगण्याची रीत बदलणारे वर्तनोपचार. बैठक कायमची बदलणाऱ्या पट्ट्यांना आणि चकती काढण्याला तिने ठाम विरोध केला आहे. साधी स्प्लिंट आणि बोटॉक्सची इंजेक्शने यांच्याही ती बाजूची नाही. अमेरिकेतल्या दंतसंशोधकांच्या संघटनेने २०१० मध्येच सांगितले होते की, विशेष कारण नसेल तर सुरुवात परत फिरवता येणाऱ्या उपायांनीच करावी. वर ज्यांचा उल्लेख केला, त्या पाव हिश्शाला, ज्यांचे दुखणे हटत नाही त्यांना, खरा उपयोग याच वाटेचा होतो: जास्त काळ, जास्त नेटाने, वेदनातज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांना सोबत घेऊन. त्यांच्यासाठीही उत्तर करवतीत नाही.

माझ्या मताची मर्यादाही सांगतो. जबड्याचे प्रत्येक दुखणे असे नसते. हनुवटीवर पडलेल्या लहान मुलाचा सांधा कधी जुळून हाड एक होते, तेव्हा शस्त्रक्रिया हाच उपाय आणि ती वेळेवर हवी. संधिवात सांध्यात शिरला तर औषधे वेगळी. पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखून थकत असेल आणि कानशील हुळहुळत असेल तर रक्तवाहिनीचा दाह असू शकतो. त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो. छातीसह जबडा दुखला तर आधी हृदय तपासावे. आणि आपल्याकडे एका गोष्टीची आठवण ठेवलीच पाहिजे. गुटखा, मावा, सुपारी खाणाऱ्याचे तोंड उघडेनासे झाले, तर बहुधा सांध्याचा काही संबंध नसतो. गालाच्या आतले अस्तर घट्ट, पांढुरके, दोरीसारखे होत जाते. भारतात या रोगाचे वर्णन एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच केले. यातून कर्करोग उद्भवू शकतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी असे रुग्ण थांबलेले नाहीत. या रोगाला सांध्याचे दुखणे समजून दात घासत बसणे म्हणजे हातची वेळ घालवणे.

वाकडे दात सरळ करू नयेत असे माझे म्हणणे नाही. चावायला त्रास होतो, दात स्वच्छ राहत नाहीत, हसायला संकोच वाटतो, ही सगळी तारा लावण्याची सबळ कारणे आहेत. पडलेल्या दाढेच्या जागी दाढ बसवावी, कारण माणसाला जेवायचे असते. फक्त त्या उपचाराच्या संमतीपत्रावर सांधा बरा होण्याचे आश्वासन नसावे. आणि ज्याला केवळ जबड्यासाठी दात घासायला किंवा दहा-बारा कॅप घालायला सांगितले आहे, त्याने खुर्चीत बसण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे: हे केलेले पुन्हा पूर्ववत करता येईल का? दाताचे कवच एकदा घासले की परत येत नाही, म्हणून प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच येणार. मग वरचे साधे उपाय दोन-तीन महिने नेटाने करून पाहण्याची मुदत मागावी. ज्या डॉक्टरांना आपल्या निदानाची खात्री आहे, त्यांना ती मुदत देण्यात अडचण वाटू नये.